पायोनियर अवकाशयाने अपेक्षेपेक्षा अधिक का मंदावत होती? 'उष्णता' हे उत्तर तुम्हाला पटते का?

दूरचा_प्रवासी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या विज्ञान मासिकांचा गठ्ठा खाली आला आणि त्यात पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पेन्सिलीने खुणा केलेला एक लेख सापडला. 'पायोनियर १०' आणि 'पायोनियर ११' ही याने सूर्यमालेबाहेर जाताना गणिताने सांगितलेल्यापेक्षा किंचित अधिक मंदावत आहेत आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नाही, असा त्या लेखाचा विषय होता. समासात मी "म्हणजे न्यूटन चुकला?" असे लिहून ठेवले आहे. विशीतल्या मुलाने त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले, याचेच मला आज आश्चर्य वाटते.

ज्यांना ही हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पायोनियर १० मार्च १९७२ मध्ये आणि पायोनियर ११ एप्रिल १९७३ मध्ये निघाले. पहिले डिसेंबर १९७३ मध्ये गुरूजवळून गेले. दुसऱ्याने डिसेंबर १९७४ मध्ये गुरू आणि सप्टेंबर १९७९ मध्ये शनी गाठला. त्यानंतर दोघेही जवळजवळ विरुद्ध दिशांना बाहेर निघाले. सूर्य मागे खेचत असल्यामुळे त्यांचा वेग कमी होणारच होता आणि तो किती कमी व्हावा हे अचूक काढता येत होते. पण नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जॉन अँडरसन यांना १९८० च्या दशकात असे दिसू लागले, की सर्व ज्ञात बले हिशेबात धरूनही सूर्याच्या दिशेने एक इवलेसे जादा त्वरण शिल्लक राहते, आणि तेही दोन्ही यानांवर जवळजवळ सारखेच. त्याचे मूल्य दर सेकंदाला सेकंदामागे ०.८७४ नॅनोमीटर इतके होते. १९९८ मध्ये अँडरसन आणि पाच सहकाऱ्यांनी ते शोधनिबंधात मांडले आणि मग जगभर तर्कांना ऊत आला.

२०१२ मध्ये उत्तर आले: यानाची स्वतःचीच उष्णता. ती एका बाजूला अधिक बाहेर पडत होती आणि तिचा उलटा धक्का यानाला बसत होता.

माझ्या दोन शंका आहेत. यानात उष्णतेचा स्रोत बसवणाऱ्यांनाच तो ठाऊक असताना इतकी वर्षे तिकडे लक्ष कसे गेले नाही? आणि दुसरे म्हणजे, उष्णतेने या त्वरणाचा सुमारे ८० टक्के भाग समजतो आणि उरलेला भाग मोजमापाच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत बसतो, असे म्हणतात. जमाखर्च जुळेना की उरलेली रक्कम 'किरकोळ' या सदरात टाकून वही मिटण्यासारखे हे मला वाटते. जाणकारांनी समजावून सांगावे.

खवचट_काका

काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढेच त्या शोधनिबंधाचे सार असेल तर ते आमच्या आजीने विनामोबदला लिहून दिले असते.

आकडेमोड

काकांचा विनोद मान्य, पण कळसा केवढा होता हे पाहिल्यावर वळशाचा राग उरत नाही.

यानाचे वस्तुमान सुमारे २४१ किलो धरा. त्याला ०.८७४ नॅनोमीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने गुणले की बल येते सुमारे ०.२१ मायक्रोन्यूटन. प्रकाश किंवा उष्णतेचे प्रारण एकाच दिशेला सोडले तर मिळणारा धक्का म्हणजे त्याची शक्ती भागिले प्रकाशाचा वेग, म्हणून उलट गणित केले की हे बल निर्माण करायला सुमारे ६३ वॅट पुरतात. माझ्या लहानपणी माजघरात जो पिवळा बल्ब टांगलेला असे, तो साठ वॅटचा होता.

आता यानावर काय होते ते पाहा. सूर्यापासून इतक्या दूर सौर पट्ट्या उपयोगाच्या नसल्यामुळे प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर वीज निर्माण करणारे चार जनित्रसंच बसवलेले होते. ते मिळून सुरुवातीला सुमारे २५०० वॅट उष्णता देत आणि त्यातून जेमतेम १६० वॅट वीज मिळे. म्हणजे एकूण उष्णतेपैकी अडीच टक्के जरी सूर्याच्या विरुद्ध बाजूला जादा गेली, तरी सगळे गूढ संपते.

परिणामाचा आकारही पाहून ठेवा. वर्षभरात वेगात पडणारी जादा घट सेकंदाला २.८ सेंटिमीटर, तीही सेकंदाला बारा किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या यानात. अंतरात म्हणाल तर पहिल्या वर्षी सुमारे ४३५ किलोमीटरचा फरक, पण तो काळाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दहा वर्षांत ४३,५०० किलोमीटर. पृथ्वीला एकदा वळसा घालून वर थोडे उरेल इतके.

अवकाशवेडी

वर्षाला २.८ सेंटिमीटर प्रति सेकंद ही घट कोणाच्या लक्षात आली, याचेच मला अधिक कौतुक वाटते, म्हणून ती कशी मोजली ते लिहिते.

गोल्डस्टोन, माद्रिद किंवा कॅनबेरा येथील मोठ्या तबकडीतून यानाकडे अतिशय स्थिर वारंवारतेचा रेडिओ संदेश पाठवला जाई. यान तो पकडून २४० भागिले २२१ या ठरलेल्या गुणोत्तराने वारंवारता बदलून परत पाठवी. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा डॉप्लर परिणामामुळे वारंवारता सरकते, आणि किती सरकली यावरून यानाचा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग निघतो. परतीचा संदेश सेकंदाला सुमारे २२९ कोटी आवर्तनांचा होता आणि आपण ज्या जादा मंदीची चर्चा करतो आहोत तिने त्यात वर्षभरात अर्ध्याहूनही कमी आवर्तनाचा फरक पडे. २२९ कोटींत अर्धे आवर्तन! शिवाय पृथ्वीचे परिभ्रमण, परिवलन, वातावरण, सौरवाताचा परिणाम, इतकेच नव्हे तर यान स्वतःभोवती फिरते त्यामुळे संदेशात पडणारी आवर्तनांची भर, हे सर्व आधी वजा करावे लागे.

यानावरचा प्रक्षेपक फक्त आठ वॅटचा होता. जानेवारी २००३ मध्ये पायोनियर १० चा शेवटचा क्षीण संदेश मिळाला तेव्हा ते सुमारे बाराशे कोटी किलोमीटर दूर होते आणि संदेशाला इथवर यायला अकरा तासांहून अधिक वेळ लागत होता. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या 'शियापरेली' यानाचा मंद संदेश टिपला होता, तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. मंगळ मात्र या हिशेबात शेजारच्या आळीत आहे.

नवखी_वाचक

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. गरम वस्तू चारही बाजूंना सारखीच उष्णता फेकते, तर मग धक्के एकमेकांना खोडून काढणार नाहीत का? आणि तो आठ वॅटचा रेडिओ झोतही यानाला ढकलत असेलच ना?

भट्टीवाला

ताई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. सगळे गूढ याच प्रश्नात आहे.

रेडिओ झोताचे आधी सांगतो. तो पृथ्वीकडे, म्हणजे इतक्या अंतरावरून जवळजवळ सूर्याकडेच जातो, त्यामुळे त्याचा धक्का यानाला सूर्यापासून दूर ढकलतो. तो उलट्या दिशेचा असल्यामुळे गूढ कमी होण्याऐवजी वाढतेच, आणि अँडरसन यांच्या गटाने तो सुरुवातीपासून हिशेबात घेतलेला होता.

आता यानाची रचना डोळ्यांसमोर आणा. पुढे, म्हणजे पृथ्वीच्या बाजूला, २.७४ मीटर व्यासाची तबकडी. तिच्या पाठीला चिकटून उपकरणांची षट्कोनी पेटी. आणि पेटीपासून बाजूला लांब दांड्यांच्या टोकांवर ती चार जनित्रे, दोन एका दांडीवर आणि दोन दुसरीवर. उपकरणांची वीज शेवटी उष्णताच होते. त्या उष्णतेला पुढे जायला तबकडी आडवी येते, म्हणून ती मागे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला निघते. पेटी फार तापू नये म्हणून उघडझाप करणारी झडपांची तावदानेही मागच्याच बाजूला होती. जनित्रांची उष्णता मात्र बऱ्याच अंशी चारही बाजूंना सारखी जाते, पण तिचा थोडा भाग तबकडीच्या पाठीवर आदळून मागे परततो.

मी कोल्हापूरकडे फौंड्रीत बावीस वर्षे काढली आहेत. भट्टीच्या तोंडाशी नवीन मुले उभी राहिली की त्यांना समोरून भाजते हे अपेक्षित असते, पण पाठही तापते तेव्हा ती चमकून मागे पाहतात. मागे चकचकीत पत्र्याचा आडोसा असतो, त्यावरून परतणारी धग असते ती. पत्रा काजळला की तीच धग निम्मी होते. एका पत्र्याच्या पृष्ठभागावर किती अवलंबून असते, हे कागदावर नव्हे, पाठीवर शिकावे लागते.

सहज_सुचले

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या फुग्यात काळ्या-पांढऱ्या पात्यांचे एक भिंगरीसारखे खेळणे असे. उन्हात ठेवले की ते फिरे. तोच हा परिणाम ना?

आकडेमोड

नाही, आणि ही गफलत फार जुनी आहे. प्रकाशाच्या दाबाने ते फिरत असते तर परावर्तन करणाऱ्या चकचकीत बाजूवर जास्त धक्का बसून ती मागे सरली असती. प्रत्यक्षात काळी बाजू मागे सरते. त्या फुग्यात उरलेली विरळ हवा तापण्याचा तो खेळ आहे, प्रकाशाचा दाब त्यापुढे नगण्य. लघुग्रहांवर मात्र खराखुरा उष्णतेचा धक्का दिसतो. तापलेली बाजू स्वतःभोवती फिरून संध्याकाळकडे गेली की तिथून जादा उष्णता निघते आणि लघुग्रहाची कक्षा हळूहळू सरकते. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात आणि गोलेव्का या लघुग्रहावर तो रडारने मोजल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी_बाजू

सर्वजण इतक्या लवकर 'उष्णता' म्हणून मोकळे होत आहेत, म्हणून मुद्दाम विरोधात लिहितो.

प्रकाशाच्या वेगाला विश्वाच्या प्रसरणाच्या हबल स्थिरांकाने गुणा. उत्तर येते सेकंद वर्गाला सुमारे ०.७ नॅनोमीटर, म्हणजे पायोनियरच्या आकड्याच्या अगदी शेजारी. मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये आकाशगंगांचे परिवलन समजावण्यासाठी न्यूटनच्या नियमात जी दुरुस्ती सुचवली तिचा स्थिरांक ०.१२ नॅनोमीटर, म्हणजे फार दूर नाही. दोन वेगवेगळी याने, विरुद्ध दिशा, आकडा जवळजवळ एकच, आणि तो विश्वाच्या मूलभूत आकड्याशी जुळणारा. नव्या भौतिकीचा विचार करणारे लोक खुळे नव्हते. गणनेच्या आज्ञावलीतली चूक म्हणाल, तर जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या आणि एरोस्पेस कॉर्पोरेशनच्या स्वतंत्र आज्ञावल्यांनी तेच उत्तर दिले, आणि २००२ मध्ये क्रेग मार्कवर्ट यांनी स्वतःची तिसरी आज्ञावली लिहून पुन्हा तोच आकडा काढला.

चिकित्सक

दुसरी_बाजू, तुमचा शेवटचा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. त्वरण खरे होते, कोणाच्या गणितातली चूक नव्हती. पण गुरुत्वाकर्षणाला दोषी धरण्यात पहिल्या दिवसापासून एक मोठी अडचण होती आणि ती १९९८ च्या निबंधातच नमूद आहे. गुरुत्वाकर्षण यान आणि ग्रह असा भेदभाव करीत नाही. एवढे जादा त्वरण पृथ्वीवर आणि मंगळावर असते तर त्यांच्या कक्षांमध्ये काही दहा किलोमीटरचा फरक दिसला असता. १९७६ पासून मंगळावर उभ्या असलेल्या व्हायकिंग यानांपर्यंतचे अंतर तर काही मीटरपर्यंत अचूक मोजलेले होते. म्हणजे जे काही होते ते फक्त यानांना ढकलत होते, ग्रहांना नाही. हे लक्षात आल्यावर संशयाची सुई यानाकडेच वळायला हवी.

आकडे जुळण्याचे म्हणाल, तर भौतिकीत स्थिरांक इतके आहेत की कोणत्याही आकड्याला शेजारी मिळतो. पत्रिका जुळली म्हणून लग्न टिकतेच असे नाही.

खवचट_काका

आमची छत्तीसपैकी चौतीस जुळली होती. बाकी काही बोलत नाही, त्या हा धागा वाचतात.

दूरचा_प्रवासी

चर्चा अपेक्षेपेक्षा फारच चांगली चालली आहे, सर्वांचे आभार. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. भट्टीवाल्यांनी जे चार ओळींत सांगितले, ते तज्ज्ञांना १९९८ मध्ये सुचले नव्हते काय?

चिकित्सक

सुचले होते, आणि लगेच सुचले होते. १९९९ मध्येच एडवर्ड मर्फी आणि जोनाथन कॅट्झ यांनी स्वतंत्रपणे लिहिले की उपकरणांची आणि जनित्रांची उष्णता विषमपणे बाहेर पडत असेल तर एवढे त्वरण येऊ शकते. अँडरसन यांच्या गटाने त्यांना उत्तर दिले आणि ते उत्तर त्या वेळच्या माहितीवर अवाजवी नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की प्लुटोनियम क्षीण होत जाते आणि वीज त्याहून झपाट्याने घटते, तेव्हा उष्णतेचा धक्काही घटत गेला पाहिजे. आणि आमच्या आकडेवारीत तर त्वरण स्थिर दिसते.

गोम अशी, की ती आकडेवारी पायोनियर १० साठी १९८७ ते १९९८ एवढीच होती आणि पायोनियर ११ साठी त्याहूनही थोडी. प्लुटोनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ८८ वर्षे आहे, म्हणजे त्या अकरा वर्षांत त्याची उष्णता जेमतेम आठ-नऊ टक्के उतरली. एवढी घट त्या मोजमापातल्या गोंगाटात दिसणे कठीण होते. 'स्थिर आहे' आणि 'घट दिसेल इतका काळ आपण पाहिलेले नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दहा वर्षे वाद या दोन विधानांमधल्या फटीत अडकून पडला होता. २००२ मध्ये त्यांनी जो सविस्तर निबंध लिहिला त्यात उष्णतेचे अंदाज आहेत, पण ते हातांनी केलेले आणि लहान आहेत.

दूरचा_प्रवासी, 'लक्ष गेले नाही' या तुमच्या शब्दांवर म्हणूनच माझा आक्षेप आहे. लक्ष गेले होते, पण निकाल द्यायला पुरावा अपुरा होता. त्यासाठी जास्त वर्षांची आकडेवारी आणि यानाचे प्रत्यक्ष तापमान या दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

जुनी_टेप

इथे माझा विषय आला, म्हणून इतके दिवस नुसती वाचक असलेली मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

ती जुनी आकडेवारी चुंबकीय टेपांवर होती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे स्लाव्हा तुरिशेव आणि कॅनडातील ओटावाचे आज्ञावलीकार व्हिक्टर टॉथ यांनी ती शोधून काढली. काही टेपांची खोकी प्रयोगशाळेत एका जिन्याखाली पडून होती. यानाकडून आलेली तापमाने, विद्युतदाब, विद्युतप्रवाह यांच्या नोंदी लॅरी केलॉग यांनी हौसेने जपून ठेवल्या होत्या. यानांचे मूळ आराखडे आणि कागदपत्रे नासाच्या एम्स संशोधन केंद्रात टाकून दिली जाण्याच्या बेतात होती. प्लॅनेटरी सोसायटी या अवकाशप्रेमींच्या संस्थेच्या सदस्यांच्या देणग्यांतून या कामाला पैसा मिळाला.

हे किती जिकिरीचे असते ते मला ठाऊक आहे, कारण १९९० च्या दशकात एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागात जुन्या नऊ ट्रॅकच्या टेपा नव्या यंत्रणेवर उतरवण्याचे काम मी तीन वर्षे केले. रीळ चढवून सुरू केले की पहिली काही मिनिटे श्वास रोखलेला असे. टेप जुनी असली की तिच्यावरचा तपकिरी ऑक्साइड सुटून वाचणाऱ्या हेडवर बसे आणि यंत्र मध्येच कचकन थांबे. मग झाकण उघडायचे, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचे, बोळ्यावर विटकरी रंगाचा भुगा दिसला की समजायचे, तेवढी नोंद कायमची गेली. आणि टेप वाचली गेली तरी काम संपत नसे, कारण कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारा कागद कोणीतरी 'अनावश्यक' म्हणून कधीच फेकलेला असे. आकडे समोर असूनही ते कशाचे आहेत हे माहीत नसणे, याहून मोठी चिडचिड नाही.

तुरिशेव आणि टॉथ यांना तो कागदही मिळाला. माझ्या दृष्टीने या कथेचा नायक तोच कागद आहे.

अवकाशवेडी

जुनी_टेप, तुम्ही इतके दिवस का लिहीत नव्हता?

त्यापुढची हकिकत मी जोडते. मिळालेल्या नोंदींमुळे पायोनियर १० ची सुमारे तेवीस आणि पायोनियर ११ ची सुमारे दहा वर्षांची डॉप्लर आकडेवारी हाती आली. २०११ मध्ये तिच्यावरून दिसले की हे त्वरण स्थिर नाही, काळानुसार घटत जाते. म्हणजे ज्या मुद्द्यावर उष्णतेचे उत्तर बाद ठरवले होते, तोच मुद्दा उलटला. २०१२ च्या निबंधात मूळ आराखड्यांवरून यानाची औष्णिक प्रतिकृती संगणकात उभी केली आणि ती जुन्या तापमानांच्या नोंदींशी ताडून पाहिली. ब्रेमेनच्या गटाने आणि लिस्बनच्या गटाने स्वतंत्रपणे तेच केले होते. लिस्बनच्या मंडळींनी तर संगणकीय चित्रांमध्ये वस्तूंवर चकाकी दाखवण्यासाठी वापरतात ती फाँग पद्धत उष्णतेच्या परावर्तनासाठी वापरली.

आकडेमोड

त्या निबंधातले दोन आकडे इथे उपयोगी पडतील. उपकरणांच्या विजेपासून झालेल्या उष्णतेचा सुमारे ४० टक्के भाग धक्का देण्याच्या कामी येतो आणि जनित्रांच्या उष्णतेचा फक्त १ टक्क्याच्या आसपास. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची अवस्था धरून मी ढोबळ हिशेब केला: जनित्रांची सुमारे २१५० वॅट उष्णता, तिचा एक टक्का म्हणजे बावीसच्या आसपास, उपकरणांकडे ऐंशीच्या घरात वॅट, त्याचे ४० टक्के म्हणजे बत्तीस-तेहतीस. बेरीज पन्नास-पंचावन्न वॅट, आणि आपल्याला हवे होते ६३.

गंमत अशी की अडीच हजार वॅटच्या जनित्रांकडे सगळे बोट दाखवीत होते आणि अर्ध्याहून अधिक धक्का पेटीतल्या किरकोळ उपकरणांचा निघाला.

रसायनबाई

हे वाचून मला बारावीच्या प्रात्यक्षिकांची आठवण झाली. मूस तापवून तिचे वजन करायचे असते आणि घाईत मुले ती कोमट असतानाच तराजूत ठेवतात. गरम मूस भोवतालच्या हवेचा वर जाणारा झोत तयार करते, पारडे किंचित उचलले जाते आणि वजन काही मिलिग्रॅम कमी भरते. एका हुशार मुलाने यावरून वस्तुमानाच्या अक्षय्यतेच्या नियमाला धक्का देणारा निष्कर्ष चक्क वहीत लिहिला होता. मी त्याला रागावले नाही. मूस थंड होऊ दे आणि दर पाच मिनिटांनी वजन घे, एवढेच सांगितले. वजन हळूहळू वाढत जाऊन स्थिर झालेले त्याने पाहिले, तेव्हा त्याचे त्यालाच कळले. पायोनियरच्या बाबतीतही नेमकी तीच गोष्ट कामाला आली: काळाबरोबर बदलते का, हे पाहणे.

दुसरी_बाजू

बाईंचे उदाहरण आवडले, पण सगळेच विचलन मुशीसारखे नसते. युरेनस ठरल्या मार्गावरून ढळतो म्हणून ल व्हेरिए यांनी गणित केले आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुध ढळतो म्हणून त्यांनीच सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असे सांगितले. तो कधीच सापडला नाही, कारण शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक समजायला १९१५ मध्ये आइन्स्टाइनना गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच नव्याने लिहावा लागला. पायोनियर हा तिसऱ्या प्रकारचा निघाला हे आता मी मान्य करतो. मात्र पृथ्वीजवळून वळसा घेणाऱ्या यानांचे काय? गॅलिलिओचा वेग १९९० मध्ये सेकंदाला सुमारे ३.९ मिलिमीटर जास्त भरला आणि निअर यानाचा १९९८ मध्ये सुमारे १३.५ मिलिमीटर. तिथे उष्णतेला धक्का द्यायला तेवढा वेळसुद्धा मिळत नाही.

चिकित्सक

तो वेगळा आणि अजून नीट न सुटलेला प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढावा. फक्त रोझेटा यानाचे २००५ मध्ये १.८ मिलिमीटर दिसले, पण २००७ आणि २००९ च्या वळशांत काहीच दिसले नाही आणि २०१३ मध्ये जूनोलाही नाही, हे त्या धाग्यात विसरू नये.

नवखी_वाचक

आणखी एक विचारते. व्हॉएजर यानांवरही अशीच जनित्रे आहेत, मग त्यांच्या बाबतीत हे का कळले नाही?

अवकाशवेडी

कारण व्हॉएजर याने स्वतःला स्थिर ठेवण्यासाठी लहान लहान झोत सतत सोडत असतात. त्या धक्क्यांच्या गोंधळात असे सूक्ष्म त्वरण हरवून जाते. पायोनियर भोवऱ्यासारखी फिरत राहून स्थिर राहात आणि वर्षातून मोजक्याच वेळा त्यांची दिशा सुधारावी लागे. व्हॉएजर अधिक आधुनिक असूनही या कामाला निरुपयोगी ठरले. शनीकडे गेलेल्या कॅसिनीवर जनित्रांची उष्णता कितीतरी अधिक होती आणि तिचा धक्का कक्षेच्या गणितात रीतसर धरावा लागत असे.

दूरचा_प्रवासी

माझा पहिला प्रश्न सुटला आहे आणि 'लक्ष गेले नाही' हे शब्द मी मागे घेतो. पण आकडेमोड यांच्या हिशेबातही ६३ च्या जागी पन्नास-पंचावन्नच येतात. ती उरलेली दहाएक वॅटची 'किरकोळ' रक्कम कुठल्या सदरात टाकायची?

भट्टीवाला

रंगाच्या सदरात टाका.

जनित्रांच्या पंखांवर उष्णता नीट बाहेर पडावी म्हणून पांढरा लेप दिलेला होता. यान निघाल्यापासून त्याची एकच बाजू सूर्याकडे होती आणि प्रवासाची सुरुवातीची वर्षे तिने कडक ऊन आणि अतिनील किरण सोसले. मागची बाजू कायम सावलीत. पुढच्या लेपाची उष्णता सोडण्याची क्षमता किंचित जरी उतरली तरी तेवढी उष्णता मागच्या बाजूने जाते, आणि मागे गेली की धक्का सूर्याकडेच बसतो, म्हणजे आपल्याला हव्या त्याच दिशेने. दोन हजार वॅटमध्ये दोन बाजूंत एका टक्क्याचा फरक पडला तरी दहाबारा वॅट इकडचे तिकडे होतात. तीस वर्षे अवकाशात राहिलेला लेप एका टक्क्यानेही बदलला नाही, असे छातीठोकपणे सांगणारा रंगारी मला तरी भेटलेला नाही. २०१२ च्या निबंधातही या लेपाची अनिश्चितता धरलेली आहे आणि ती धरली की शिल्लक राहिलेला भाग शून्यापासून वेगळा काढता येत नाही.

तुमच्या जमाखर्चात ही रक्कम हरवलेली नाही. पावती कोणाच्या नावाने फाडायची ते ठाऊक आहे, फक्त पावतीवरचा आकडा पुसट आहे. तो स्वच्छ वाचायचा तर यानाजवळ जाऊन लेप खरवडून पाहावा लागेल.

दूरचा_प्रवासी

हे पटले. समासातल्या त्या जुन्या प्रश्नाखाली आज "६३ वॅट, पैकी १० रंगाचे" असे पेन्सिलीनेच लिहिले आहे.

खवचट_काका

मासिक रद्दीत देऊ नका. जिन्याखाली ठेवा.